आठवीच्या मुलांची गाण्याची पट्टी जुलैमध्ये कायमची ठरवू नका

पुण्यातल्या शाळेत संगीत शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते अजून मनातून जात नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मुख्यतः तेवढंच लिहिते आहे.

पुस्तकातले राग घोकून घेण्यापेक्षा वर्षभर एकाच कार्यक्रमाची तयारी करायची, ही पद्धत मला आजही पटते. आमचा विषय होता दिंडी. आषाढवारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. तिथे जाऊन मुलांनी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजल्या. टाळ कुठे पडतो, चाल कुठे चढते हे त्यांनी स्वतः ऐकलं. फळ्यावर लिहून हे कधीच पोचलं नसतं. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात हीच दिंडी रंगमंचावर आणायची होती.

जुलैमध्ये मी आवाज ऐकले आणि पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवली काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी कळ). माझी स्वतःची तीच, मुलींनाही सोयीची. आठवीतल्या एका मुलाचा तार सा (वरच्या सप्तकातला सा) इतका स्वच्छ लागत होता की मधली ओवी मी त्याला एकट्याला दिली. त्याच पट्टीत ट्रॅक (साथीचं ध्वनिमुद्रण) करून घेतला आणि तालमी त्याच्यावरच सुरू केल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो हळू गायला लागला. मला वाटलं, लाजतोय. "मोकळा गा रे," एवढंच म्हणत राहिले. संमेलनात भरल्या सभागृहात त्याचा आवाज तार सा वर फाटला. दुसऱ्यांदा त्याने तोंडच उघडलं नाही, ट्रॅक मात्र पुढे वाजत राहिला. नंतर तो संगीताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा.

नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे काही महिन्यांतही होऊ शकतं. मुलींचा आवाजही थोडा उतरतो, पण असा फुटत नाही. नुकताच फुटलेला आवाज काळी चारच्या मध्य सप्तकात पंचमापर्यंत (प) कसाबसा जातो, आणि तेच खाली घ्यायला सांगितलं तर मंद्र सा (खालच्या सप्तकातला सा) मिळत नाही. म्हणजे वरही जागा नाही, खालीही नाही. मुलगा चुकत नसतो, पट्टी चुकलेली असते. मला हे कळायला एक मूल गप्प व्हावं लागलं.

आता मी काळी एक धरते. मुली आणि न फुटलेले आवाज वरच्या सप्तकात, फुटलेले खालच्या. चाल तार सप्तकात फार न जाणारी निवडते. अधल्यामधल्या मुलांना ध्रुवपदातले झेपतील ते चार-पाच सूर देते आणि हातात टाळ देते (टाळ सहा जोड्या पुरे, तीस दिलेत तर गाणं ऐकूच येणार नाही). आवाज तपासताना वर्गासमोर कधीही गायला लावू नका. एकेकाला पेटीजवळ बोलवा, स्वतःचं नाव लांबवून म्हणायला सांगा आणि तो सूर पेटीवर शोधा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते दर महिन्याला करा.

ट्रॅक वापरूच नका, असं माझं ठाम मत आहे. पेटीवाला दोन सूर खाली उतरू शकतो, अडलेल्या मुलासाठी एक आवर्तन थांबू शकतो. तबल्याला कोणी नसेल तर डफ चालेल, नुसत्या टाळ्याही चालतील.

आणखी एक. ज्यांच्याकडे मी शिकले ते म्हणायचे, आवाज फुटला की मुलाचं गाणं दोन वर्षं बंद. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण शाळेत हे करू नका. जोर लावून वरचे सूर काढायला लावणं वाईटच, पण बंद केलेला मुलगा बहुतेकदा परत येत नाही. संगीत विशारदची परीक्षा पास झालात म्हणून चाळीस मुलांचा वर्ग सांभाळता येईल असंही धरून चालू नका. मला आलं नव्हतं. पहिल्या वर्षी घरी जाऊन रडले आहे. दुसऱ्या वर्षी कमी त्रास झाला, तिसऱ्या वर्षी मुलं स्वतःहून सांगायला आली, "बाई, माझा आवाज बदललाय, मी खाली गाऊ का?"

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आवाज पुन्हा एकदा ऐका. गेल्या डिसेंबरात त्या शेवटच्या फेरीत दोन मुलं पुढच्या रांगेतून मागे गेली आणि ओवी ऐनवेळी तिघांत वाटून दिली.