रोल निखाऱ्यांवर जाण्याआधी

शनिवारी संध्याकाळी बॅकयार्डात मंडळी जमणार असतील, तर सारण भरून गुंडाळलेल्या बीफ स्टेकची तयारी शुक्रवारी रात्रीच सुरू करायची. या पदार्थाचं कसब सुरीत आणि दोऱ्यात आहे. ग्रिलपाशी नुसती राखण करायची असते.

अमेरिकेत मीट काउंटरवर फ्लँक स्टेक मागा. पोटाकडचा चपटा, लांबट तुकडा. 2 पौंडांचा, म्हणजे साधारण 900 ग्रॅमचा घेतला तर सहा जणांना पुरतो. त्यात लांबीच्या दिशेने गेलेले जाड धागे दिसतात, ते नीट बघून ठेवा. घरी आणल्यावर अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये घालून कडक करा, कारण मऊ मांसात सुरी भरकटते. मग लांब बाजूने आडवी सुरी घालून पलीकडे बोटभर जागा न कापता सोडायची आणि तुकडा पुस्तकासारखा उघडायचा. हे जमेलसं वाटत नसेल तर काउंटरवरच्या माणसाला करून मागा, बहुतेक ठिकाणी देतात. उघडलेला तुकडा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोका. जाडी सगळीकडे सारखी, सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी.

आता धागे डावीकडून उजवीकडे जातील असा तो समोर ठेवा. गुंडाळी तुमच्याकडून पलीकडे जाईल, आणि शेवटी चकत्या पाडताना सुरी धाग्यांना आडवी जाईल. पहिल्या खेपेला मी तुकडा उलटा ठेवला होता. चव उत्तम होती, पण प्रत्येक चकती दातांनी ओढून खावी लागली.

सारणात पालक, भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, लसूण, प्रोव्होलोन चीज आणि दोन-तीन चमचे ब्रेडचा चुरा. पालक परतून गार करा आणि फडक्यात बांधून पिळा, थेंब येईनासा होईपर्यंत पिळा. ओलं सारण रोल सैल करतं आणि निखाऱ्यावर गळतं. थर पातळ हवा, पलीकडची दोन बोटं कड मोकळी. ज्यांनी अळूवडीचा उंडा वळला आहे त्यांना पुढचं सांगायला नको: प्रत्येक वेढ्याला दाबत जायचं, मधे पोकळी राहू द्यायची नाही. (अर्जेंटिनात याच कल्पनेचा मातांब्रे करतात, त्यात उकडलेली अंडी आणि गाजरं असतात, नावाचा अर्थच ‘भूक मारणारा’.)

बांधायला स्वयंपाकाचा जाड सुती दोराच आणा. नायलॉन वितळतो. दर तीन-चार सेंटीमीटरवर एक गाठ, घट्ट पण मांसात रुतेल इतकी नाही. बांधलेला रोल झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की आकार धरतो. उन्हाळ्यात तो आधीपासून बाहेर काढून ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये.

थर्मामीटर नसेल तर हा पदार्थ करूच नका, असं मी आग्रहाने सांगेन. साध्या स्टेकमध्ये जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि आगीत मरतात, म्हणून तो आतून गुलाबी चालतो. इथे तोच पृष्ठभाग गुंडाळून आपण आत नेला आहे. त्यामुळे टोक मधल्या सारणापर्यंत खुपसून 74 अंश सेल्सिअस, म्हणजे 165 फॅरेनहाइट दिसलेच पाहिजेत. आदल्या दिवशी बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का तेही बघून घ्या.

आपल्या मंडळींत कुणी शाकाहारी असतं, कुणी चिकन खातं पण बीफ नाही. त्यांच्यासाठी मका, पनीर, ढोबळी मिरची स्वच्छ जाळीवर सगळ्यात आधी भाजून, झाकून वेगळी ठेवावी. त्यांचा चिमटा, कापायचा पाट, ताट, ब्रश सगळं वेगळं, शक्य असेल तर छोटा दुसरा ग्रिलच. हे पाहुण्यांना विचारायला लागण्याआधी झालेलं असावं. माणूस निर्धास्तपणे जेवतो तेव्हाच तो आपल्याकडे जेवला असं मला वाटतं.

बाहेर ग्रिल भिंतीपासून आणि डेकच्या कठड्यापासून लांब. कोळसे चिमणीत (कोळसे पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात) पेटवून त्यांच्यावर राखेचा पांढरा थर आला की सगळे एका बाजूला ओता; दुसरी बाजू रिकामी, तिथे खाली रस झेलायला ॲल्युमिनियमचा ट्रे. जाळीला तेलाचा बोळा फिरवा. रोललाही तेल, मीठ, मिरपूड. निखाऱ्यांवर चारही अंगांनी दोन-दोन मिनिटं, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण. पाऊण तास ते तास धरून चला आणि अर्ध्या तासानंतर तापमान बघायला लागा. झाकण सारखं उघडू नका.

उतरवायला नवं, स्वच्छ ताट जवळ असू द्या. कच्चा रोल ज्यात आणला ते घरात धुवायला गेलेलं असावं. दहा मिनिटं रोल तसाच राहू द्या, मग दोरे कात्रीने कापून बोटभर जाडीच्या चकत्या पाडा. दोरे मोजून काढा. बांधताना जितके होते तितके हातात आले की ताट बाहेर न्या.