डेंग्यू धुराने हटत नाही: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. अंड्यापासून डास उडायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. डेंग्यूची खरी गोम इथे आहे. अशा घरात जाऊन ‘पाणी साठवू नका’ सांगणं ही चेष्टाच. पाणी साठवावंच लागणार, ते कसं साठवायचं एवढंच आपल्या हातात आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिंप नुसतं रिकामं करून पुन्हा भरणं. एडिस म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास. त्याची मादी अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर चिकटवते. ती वाळली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की अळ्या बाहेर पडतात. म्हणून ‘कोरडा दिवस’ (आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस) पाळायचा तर पिंप, रांजण, बादल्या काथ्याने खसाखसा घासा आणि उन्हात पालथ्या घाला. नळ येण्याचा आदला दिवस यासाठी सोयीचा, तेव्हा भांडी बहुतेक रिकामीच असतात. भरल्यावर तोंडाला फडकं ताणून बांधा. सैल पडून पाण्यात लोंबणारं फडकं काही कामाचं नाही.

हौद दर आठवड्याला उपसणं कुणालाच जमत नाही. वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडा (नदी-ओढ्यात मात्र नको, तिथल्या माशांच्या ते मुळावर येतात). आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी अळीनाशक टाकून गेले की वास येतो म्हणून ते पाणी ओतून देणारेही आहेत. मग त्यांची फेरी फुकट.

धुराच्या गाडीचा हट्ट तर विचारू नका. धूर दिसतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. तो फक्त उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. शिवाय एडिस बसतो घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे. आणि गाडी आली की आपण धडाधड दारं-खिडक्या लावून घेतो!

गटाराकडे बोट दाखवणंही तसंच. तिथला डास बहुधा क्युलेक्स, हत्तीरोगाचा. डेंग्यूचा डास फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कूलरमध्ये, मनीप्लँटच्या बाटलीत, गच्चीवरच्या टायरात वाढतो. तो दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्यालाही, नाहीतर त्याला चावलेला डास पुढे इतरांना चावतो.

ताप आलाच तर मेडिकलमधून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत करावी, नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते.

ताप उतरला म्हणून पेशंटला कामाला जुंपू नका. त्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.