फोनची किंमत वर्षांनी भागून बघा

फोन घेताना त्याला सुरक्षा अपडेट (फोनमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्त्या) अजून किती वर्षं मिळणार ते आधी शोधा आणि किंमत त्या आकड्याने भागा. दोन वर्षांत अपडेट थांबणारा स्वस्त फोन बऱ्याचदा महागच पडतो. गूगलने २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ या फोनसाठी ७ वर्षांचे अपडेट जाहीर केले. पण ही वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे! सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलमध्ये माणसं नेमकी इथे फसतात, म्हणून हे कळकळीने सांगतेय. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढा, झूम करा आणि चेहरा स्पष्ट दिसतो का बघा.