असाइनमेंटमधले संदर्भ: निदान या चुका तरी टाळा

असाइनमेंट तपासताना मी हल्ली शेवटच्या पानापासून सुरुवात करते. आधी संदर्भसूची, मग मजकूर. काय वाचलंय आणि काय नुसतं उचललंय, ते दोन मिनिटांत कळतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते न उघडलेल्या पुस्तकाच्या संदर्भाने. दोन वर्षांपूर्वी ‘संस्कृतीकरण’ हा विषय दिला होता. अकरा जणांनी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं एकच वाक्य घेतलं: खालची जात शाकाहार पत्करून, दारू सोडून एकदोन पिढ्यांत वर सरकते, ते. खाली अकराही ठिकाणी ‘श्रीनिवास 1952, पान 130’. मी कूर्ग समाजावरचं त्यांचं ते पुस्तक काढून बघितलं, तर वाक्य पान 30 वर. मग हा एक कुठून आला? शेवटी एकीने सांगितलं, झेरॉक्सवाल्याकडे सीनियरच्या नोट्स मिळतात. मागवल्या. हाताने लिहिलेला 30 समासाला चिकटून होता आणि झेरॉक्समध्ये समासाची रेघ नेमकी तेवढ्यापुरतीच उमटली होती. अकरा जणांनी समासाची रेघ श्रीनिवासांच्या नावावर जमा केली!

मूळ पुस्तक मिळालं नाही तर ज्या पुस्तकात उतारा वाचलात त्याचं नाव द्या, ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहा, आणि सूचीतही तेच पुस्तक टाका. यात कमीपणा कसला? माझ्या स्वतःच्या प्रबंधात अशा तीन नोंदी आहेत. मात्र पुण्यात राहून ‘मिळालं नाही’ म्हणताना जरा जपून. इरावती कर्व्यांचं नातेव्यवस्थेवरचं इंग्रजी पुस्तक 1953 मध्ये आपल्या डेक्कन कॉलेजनेच काढलं, आणि पोरं त्याचा सारांश कुठल्या तरी गाईडमधून उतरवतात.

माझी सवय साधी आहे. पुस्तक हातात आलं की मोबाइलवर तीन फोटो: शीर्षकाचं पान, त्याच्या मागचं पान आणि उताऱ्याचं पान, क्रमांकासकट. झोटेरो वगैरे संदर्भ साठवणारी सॉफ्टवेअर वापरा खुशाल, पण त्यात आपोआप भरलेली माहिती एकदा डोळ्यांखालून घाला.

दुसरं दुखणं नवं आहे, एआयने रचलेले संदर्भ. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. एकाने ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, 1962’ असा संदर्भ दिला. हे नाव 1966 पासूनचं. त्याआधी ते ‘इकॉनॉमिक वीकली’ होतं. त्याचा खंड क्रमांकही तपासता येतो: वर्षातून 1965 वजा करा. 2010 असेल तर खंड 45 च हवा. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, एवढं कोण बघतं?” मी बघते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमबद्दल ‘1951 मध्ये दुर्खीम म्हणतात’ असं लिहू नका. तो 1917 मध्ये वारला. 1951 हे आत्महत्येवरच्या त्याच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचं वर्ष, मूळ फ्रेंच 1897 चं. दोन्ही लिहा: 1897/1951.

सूचीत नावाआधी ‘डॉ.’, ‘प्रा.’ नको.

विकिपीडियावरून सुरुवात करा, तिथेच मुक्काम नको.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या वेबसाइटवरचे प्रबंध चालतील, पण प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. पान क्रमांक कागदावर छापलेला द्या, स्क्रीनवरचा नको.

अख्खा प्रश्न गूगलमध्ये चिकटवला की अख्खा कचराच येतो. ‘ऊसतोड’ मराठीत शोधा, मग इंग्रजीत ‘शुगरकेन’, ‘सीझनल मायग्रेशन’ असे तुकडे जोडून शोधा.

आणि पैसे भरा असं आलं की लगेच हात टेकू नका. बऱ्याच कॉलेजांकडे एन-लिस्ट असतं, म्हणजे ई-पुस्तकं नि जर्नल्स घरबसल्या वाचायला मिळतात. लॉगिन ग्रंथपालांकडे मागायचं. सबमिशनच्या आदल्या दिवशी नको, आणि जेवणाच्या सुट्टीत तर मुळीच नको.