पॅरलल यूपीएसमधला सर्क्युलेटिंग करंट कसा शोधावा, कसा आवरावा

भोसरीतला कारखाना असो की हिंजवडीतली सर्व्हर रूम, वळवाच्या पावसात वीज गेली की पॅरलल जोडलेल्या दोन यूपीएसचा मोठा आधार वाटतो. पण लोड नसतानाही ते एकमेकांत करंट फिरवत असतील (हाच सर्क्युलेटिंग करंट), तर विनाकारण तापतात आणि ऐन वेळी एखादा ट्रिप होतो.

यूपीएसमध्ये डीसीचा एसी करणाऱ्या इन्व्हर्टरचा आउटपुट इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) फार कमी असतो. दोघांमधला एकूण इम्पीडन्स 0.1 ओहम धरला, तर अवघ्या 2 व्होल्टच्या फरकाने 20 अँपिअर फिरतात. फेजचं, म्हणजे दोघांच्या व्होल्टेजच्या लहरी एकाच क्षणी न जुळण्याचं, दुखणं त्याहून मोठं. 230 व्होल्टला 1 अंशाचा फरक म्हणजे सुमारे 4 व्होल्ट, आणि 50 हर्ट्झला 1 अंश म्हणजे जेमतेम 56 मायक्रोसेकंद!

आधी मॉडेल, रेटिंग आणि फर्मवेअर (यूपीएसमधलं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे एकच आहे ना, ते बघा. मग केबल मोजा. बायपासवर, म्हणजे लोड इन्व्हर्टरला वळसा घालून थेट मेन्सवर असताना, इन्व्हर्टरचं नियंत्रण नसतं, करंट केबलच्या इम्पीडन्सप्रमाणे वाटला जातो. म्हणून इनपुट आणि आउटपुट मिळून लांबी व साईझ सारखी हवी. पॅरलल कम्युनिकेशन केबलचे कनेक्टर घट्ट बसवा.

पुढचं काम जिवंत पॅनलवरचं आहे, ते परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावं.

प्रत्येक यूपीएसचं आउटपुट व्होल्टेज एकाच मीटरने, आर, वाय, बी या तिन्ही फेजच्या वायरींवर वेगवेगळं मोजून जुळवा. आता सगळ्यात मोलाची पायरी. पहिला यूपीएस बसबारवर (दोघांच्या सामायिक आउटपुट पट्टीवर) घ्या, दुसरा चालू ठेवा पण त्याचा आउटपुट ब्रेकर उघडाच (ऑफ) राहू द्या. त्या ब्रेकरच्या दोन बाजूंना, आर ते आर, वाय ते वाय, बी ते बी व्होल्टेज मोजा. व्होल्टेज आणि फेज, दोन्हींतला फरक या एकाच रीडिंगमध्ये दिसतो. ते शून्याजवळ स्थिर हवं. काटा वर-खाली होत असेल तर सिंक लागलेला नाही, म्हणजे दोघांच्या लहरी जुळलेल्या नाहीत. ब्रेकर अजिबात टाकू (ऑन करू) नका.

ब्रेकर टाकल्यावर लोडशिवाय ट्रू आरएमएस टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजणारा मीटर) प्रत्येक फेजला आणि न्यूट्रललाही लावा. आकडे मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. स्क्रीनवर एकाचे किलोवॅट उणे दिसले तर फेज चुकतोय. तो यूपीएस उलट पॉवर ओढतोय, त्याचं डीसी बस (आतल्या डीसी पट्टीचं) व्होल्टेज चढून तो ट्रिप होईल. किलोवॅट ठीक पण केव्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) विषम असतील तर व्होल्टेजचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. न्यूट्रलमध्येच करंट असेल तर न्यूट्रल-अर्थ जोड एकापेक्षा जास्त जागी झालाय का, ते शोधा.

कंट्रोल कार्ड किंवा आउटपुट कपॅसिटर बदलला, की ही सगळी मोजणी पुन्हा करायची.