मध्ययुगीन इटालियन मीनाकारीचे मोर्स पाहताना या चुका टाळा

कोप हा कॅथलिक धर्मगुरूंचा समारंभी झगा: अर्धवर्तुळाकार, जड आणि पुढून पूर्ण उघडा. तो खांद्यांवरून घसरू नये म्हणून छातीवर जे मोठं बक्कल लावतात, ते मोर्स. अनेकजण त्याला नुसता दागिना समजून समोरूनच पाहतात. पण त्याचं काम कळतं ते मागच्या बाजूला आणि कडांना. बिजागरी, खिळी, कापडावर शिवण्यासाठी पाडलेली भोकं तिथेच सापडतात. संग्रहालयात वस्तू हाताळता येत नाही, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो आहे का, हे जरूर विचारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीनाकारीत, म्हणजे धातूवर वितळवलेल्या रंगीत काचेत, निळा रंग दिसला की या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधल्या लिमोज शहराचं नाव घेणं. आधी धातू बघा. लिमोजच्या कामात तांब्याचा पत्रा कोरून खळग्यांत अपारदर्शक काच भरत. इटलीतही तांब्यावर असं काम झालं आहे. तिथल्या सिएना शहरातल्या सोनारांनी मात्र तेराव्या शतकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. चांदीच्या पत्र्यावर अगदी उथळ उठावात चित्र कोरायचं आणि वर पारदर्शक रंगीत काच वितळवायची. कोरीव जिथे खोल, तिथे काचेचा थर जाड आणि रंग गडद. उथळ भागात खालची चांदी उजळते. चित्रातल्या झग्याच्या चुण्या, चेहऱ्याची गोलाई हे सगळं त्या खोलीतून येतं. काय अप्रतिम कारागिरी आहे ही! तिचा उत्तम नमुना आहे इटलीतल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकेतला (मोठ्या चर्चमधला) चषक, म्हणजे धर्मविधीतला वाइनचा पेला. तो मोर्स नाही, पण डोळा तयार करायला यासारखी वस्तू नाही. पोप निकोलस चौथा (1288–1292) याच्यासाठी सिएनाच्या गुच्चो दी मानाइयाने तो घडवला आणि त्यावर आपलं नावही कोरलं.

म्हणून समोरून फ्लॅश मारून फोटो काढू नका. धातू चकाकतो आणि कोरीव काम दिसेनासं होतं. बाजूने तिरपा, मंद प्रकाश घ्या.

स्वच्छ करण्याच्या फंदात तर पडूच नका. चांदीचं पॉलिश, लिंबू-चिंच, अल्ट्रासॉनिक यंत्र, गरम पाणी, सगळं वर्ज्य. तापल्यावर धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे भेगा वाढतात. काही जुनी काच दमट हवेत ओल शोषून पाझरू लागते, मग तिच्यावर बारीक थेंब दिसतात. ते पुसण्याऐवजी वस्तू संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. निसटलेला टवका स्वतः चिकटवू नका. छोट्या डबीत जपून तोही संवर्धकाकडे द्या.