बांगडा खा, डोकं चालेल? वाढत्या मेंदूबद्दलच्या या चुका टाळा

मी सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बारावीच्या तोंडी परीक्षेत माझा एक प्रश्न ठरलेला असतो: मेंदूतल्या प्रथिनांचं काम काय? उत्तरही ठरलेलं. "मेंदूला ताकद देणं, सर." मुलांना हसण्यात अर्थ नाही, पालकसभेतही हेच ऐकू येतं. मागच्या वर्षी एका आईने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, मगे झिलाक बांगडो देवचो की नाय?"

द्यायचा. पण का द्यायचा, हे नीट कळलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

खाल्लेलं प्रथिन मेंदूत जातं, असं मानू नका

बांगड्याचं प्रथिन पोटात आणि लहान आतड्यात तुटतं, त्याची अमिनो आम्लं होतात. चेतापेशी त्यांतून आपली प्रथिनं आपल्याच जनुकांच्या आराखड्याप्रमाणे बांधते. पडक्या वाड्याचे चिरे काढून नवी पडवी बांधली, म्हणून पडवीत वाडा येत नाही. चिरे मात्र लागतातच. शिवाय माशातून आयोडीन आणि ओमेगा-३ मिळतं. गरोदरपणात आणि पहिल्या काही वर्षांत आयोडीन किंवा लोह कमी पडलं, तर मेंदूच्या वाढीला खरोखर फटका बसतो. पण पेज, आमटी, मासे, अंडी पोटभर खाणाऱ्या मुलाला वरून पावडरचा महागडा डबा पाजला, तर त्याचा एकही सायनॅप्स वाढत नाही.

सायनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधली निरोप देण्याघेण्याची जागा. अनुभवानुसार ती बळकट होते किंवा कमजोर पडते, हीच तिची लवचिकता. हे काम प्रथिनं करतात. त्यातली सगळी केंद्रकाजवळ तयार होऊन लांबून येत नाहीत. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, बरेच सायनॅप्स त्यांच्यावरच. १९८२ साली या काट्यांच्या बुडाशी प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे पुंजके दिसले. म्हणजे सायनॅप्सच्या दारातच छोटा कारखाना आहे, आणि गरज पडेल तेव्हा माल तिथेच बनतो. म्हणून 'प्रथिन किती' या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. कुठे आणि कधी, ते विचारा.

एनएमडीए ग्राहकाला साधं बटण समजू नका

ग्राहक म्हणजे घेणाऱ्या पेशीवरचं, निरोप पकडणारं प्रथिन. एनएमडीए हा त्यातला एक प्रकार, आणि ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन. उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिलेलं असतं: ग्लुटामेट आलं, ग्राहक उघडला, कॅल्शियम आत गेलं. दोन गुण जातात ते इथेच. या ग्राहकाच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट आलं तरी बूच हलत नाही. त्याच वेळी घेणारी पेशी स्वतः उत्तेजित असेल, तरच ते बाहेर फेकलं जातं.

वर्गात मी वाळूत रुतलेल्या होडीचं उदाहरण देतो. भरतीचं पाणी होडीखाली आलं, पण ढकलायला कोणी नाही, तर होडी जागची हलत नाही. ओहोटीला दहा जण लागले तरी नुसता घाम निघतो. पाणी आणि माणसं एकाच वेळी हवीत. बंदरावरच्या मुलांना हे सांगावं लागत नाही, आणि हा ग्राहक त्यांच्या उत्तरपत्रिकेत त्या दिवसापासून बरोबर येतो.

पुढची चूक याला लागूनच आहे: कॅल्शियम आत आलं की सायनॅप्स बळकट, असं लिहिणं. भसकन पुष्कळ आलं, तर कॅम-कायनेज-२ हे प्रथिन जागं होतं आणि एएमपीए नावाचे दुसरे ग्राहक पृष्ठभागावर वाढतात, सायनॅप्स बळकट होतो. तेच कॅल्शियम थोडं थोडं, रेंगाळत आलं, तर कॅल्सिन्युरिन हे दुसरं प्रथिन काम सुरू करतं आणि तेच ग्राहक आत ओढले जातात. एकच निरोप, पण वेगाप्रमाणे परिणाम उलटा. (दुधातल्या कॅल्शियमशी याचा थेट संबंध जोडू नका. तोही एक आवडता घोळ आहे.)

आणि वय विसरू नका. कोवळ्या मेंदूत या ग्राहकात ग्लुएन-२बी नावाचा घटक जास्त असतो. तो सावकाश मिटतो, त्यामुळे कॅल्शियमला वेळ मिळतो. वाढीबरोबर ग्लुएन-२ए वाढतो आणि दार लवकर बंद व्हायला लागतं. ही अदलाबदल घड्याळ बघून होत नाही. अंधारात वाढवलेल्या उंदरांच्या दृष्टीच्या मेंदूभागात ती मागे पडलेली आढळली. त्यांना उजेडात आणल्यावर दोन तासांच्या आत नवा घटक वाढलेला दिसला. हा १९९९ सालचा प्रयोग मला फार आवडतो. डोळ्यांत पडलेला उजेड प्रथिनांची घडण बदलतो, याहून सरळ पुरावा कुठला द्यायचा?

जास्त सायनॅप्स म्हणजे जास्त हुशारी, हे डोक्यातून काढा

बाळाच्या दृष्टीच्या मेंदूभागात सायनॅप्सची गर्दी पहिल्या वर्षातच शिगेला पोचते, आणि मग वर्षानुवर्षं कमी होत जाते. ही झीज नाही, छाटणी आहे. हापूसच्या झाडात ऊन शिरावं म्हणून दाट फांद्या काढतात, तशी. फरक इतकाच की बागेत कुठली फांदी जायची ते माळी ठरवतो, इथे वापर ठरवतो. न वापरलेल्या जोडण्यांवर सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनं खूण करतात, हे २००७ साली उंदरांत दिसलं. एरवी जंतूंवर खूण करणारी हीच प्रथिनं. मग मायक्रोग्लिया नावाच्या पेशी येऊन खूण केलेलं गिळतात.

छाटणी नीट झाली नाही तर? फ्रॅजाइल-एक्स या आजारात एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही. ते दारातल्या त्या कारखान्यावर लगाम ठेवतं. लगाम सुटला की काटे जास्त दाट, लांबट आणि कोवळेच राहतात, आणि मुलाला शिकणं जड जातं.

चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाचंही तेच, जास्त म्हणजे चांगलं असं नाही. त्याच्या नावाने 'मेंदूचं खत' म्हणून टॉनिकं खपवली जातात. पूर्ण तयार झालेलं बीडीएनएफ सायनॅप्स बळकट करायला मदत करतं, पण न कापलेलं कच्चं रूप दुसऱ्या ग्राहकाला चिकटून कमजोर करायला मदत करतं. 'वाढवा' म्हणणाऱ्याला विचारा, कुठलं?

गाबा (निरोप नेणारं आणखी एक रसायन) नेहमी ब्रेक लावतो, हेही अर्धंच खरं. अगदी कोवळ्या चेतापेशीत क्लोराइड जास्त असतं, म्हणून गाबा तिला उलट उत्तेजित करतो. केसीसी२ हे प्रथिन वाढून क्लोराइड बाहेर काढायला लागलं की मग तो ब्रेक होतो.

'मोठा झाला की सुटेल' म्हणून थांबू नका

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांचा मांजराच्या पिल्लांवरचा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढतो. कोवळ्या वयात पिल्लाचा एक डोळा थोडे दिवस मिटून ठेवला, तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. मोठ्या मांजरात तसं होत नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं ते दृष्टीवरच्या या कामासाठी. हे मला तोंडपाठ. आणि माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीत आमच्या खळ्यात क्रिकेट खेळताना चेंडू सारखा हुकवायचा, तेव्हा मी म्हणालो, "लक्ष नाही मेल्याचं."

एका पावसाळी दुपारी त्याने गंमत म्हणून उजव्या डोळ्यावर वाटी धरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर गप्प उभा राहिला. तारखेचे मोठे आकडेसुद्धा त्याला वाचता येईनात. डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. एक डोळा चांगला असला की मूल तक्रार करत नाही. पण पिल्लासारखंच इथेही चांगला डोळा दुसऱ्याची जागा बळकावतो, म्हणून चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर काही वेळ पट्टी लावतात.

घरी करून बघा: एकेक डोळा पूर्ण झाकून लांबचं वाचायला सांगा. दोनांपैकी एक ठरावीक डोळा झाकल्यावरच मूल चिडत असेल, हात ढकलत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. स्वतःच पट्टी बांधू नका. किती तास, कुठल्या डोळ्यावर, हे डॉक्टर ठरवतात, कारण जास्त झाकला तर चांगला डोळाही मागे पडू शकतो.

उलट टोकाची चूकही नको. 'सात वर्षं झाली, आता काय उपयोग' असं म्हणणारे भेटतात. सात ते बाराच्या मुलांतही उपचारांनी फरक पडतो, फक्त उशीर होईल तसं अवघड होतं. दार मिटतं ते हळूहळू, आणि मिटवणाऱ्यांतही प्रथिनं आहेत: काही चेतापेशींभोवती साखर आणि प्रथिनांचं घट्ट जाळं विणलं जातं. २००२ साली मोठ्या उंदरांत ते जाळं एन्झाइमने विरघळवलं, तर हरवलेली लवचिकता काही अंशी परत आली. माणसांसाठी मात्र ते औषध नाही. आपल्या हातात चष्मा आणि पट्टी.

भाच्याने पहिल्या आठवड्यात पट्टी तीनदा फाडली. मग बहिणीने ठरवलं की पट्टीचे रोजचे दोन तास त्याने सुकट निवडायला बसायचं, कारण बारीक बघावं लागतं. दिवाळीत आला तेव्हा उजवा डोळा झाकून कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि आकड्यांखालची तिथीसुद्धा वाचायला लागला. "मामा, आज काय उपास नाय. बांगडे आण."